सशाच्या पिंजऱ्यावरचं गोणपाट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते मलाच धड कळत नाही.

सत्तरच्या दशकात कुसुम आणि मी नागपूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होतो. एम.एस्सी.ला मार्क मलाच जास्त होते, बरं का! पण रोगाशी लढायला रक्तात जी प्रतिपिंडं तयार होतात, त्यांची रचना उलगडायचं वेड तिनं घेतलं आणि सगळा विभाग तिच्या टेबलाभोवती जमू लागला. विभागप्रमुख सर मला हाक मारायचे ती चहा सांगायला. नुसता जळफळाट व्हायचा माझा. तिच्या हसण्याचासुद्धा राग यायचा — असं होतं का हो माणसाला?

तिचं सगळं काम एका पांढऱ्या सशावर उभं होतं. कित्येक महिने इंजेक्शनं टोचून त्याच्या रक्तात हवी तशी प्रतिपिंडं आली होती. बाकीच्या सशांत येतच नव्हती. मे महिन्यात कन्हानला तिची आई आजारी पडली. निघताना म्हणाली, "पिंजऱ्यावरचं गोणपाट तेवढं भिजवत राहाजो गा. तुह्या भरवशावर चालली."

नागपूरचं ऊन म्हणजे काय सांगू बाप्पा! गोणपाट वाळलं की आत भट्टीच. पहिल्या दिवशी मी भिजवलं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, कुसुमचा शोधनिबंध परदेशी पाठवू — आणि मी... बादली भरलेली होती. शेजारीच होती. मी पंख्याखाली बसून राहिलो.

संध्याकाळी ससा मेलेला होता.

"नळाले पाणीच नव्हतं वं," मी तिला सांगितलं. साफ खोटं. वर रडलोही. तर तीच मला समजावू लागली, "तू काय करशील गा? मीच जायले नाही पायजे होतं."

तिनं दुसरा ससा तयार केला. पुढे मोठं नाव काढलं. प्रतिपिंडांवरचं तिचं काम आज शिकवतात. मग बिघडलं काय, म्हणाल?

पुढच्याच उन्हाळ्यात कन्हानहून निरोप आला — आई बोलावते. कुसुम गेली नाही. गेल्या वेळसारखं नको, म्हणून नव्या सशापाशी थांबली. मी समोर उभा होतो. 'चूक तुझी नव्हती, माझी होती, तू जा' — एवढंच म्हणायचं होतं. जीभ उचलली नाही. तिचं काम पुन्हा जमलं होतं ना, मग आता कबुली कशाला!

चार-पाच दिवसांनी तिचा भाऊ कॉलेजात आला. आई शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, म्हणाला. मी त्याला खुर्ची दिली आणि कुसुमला वर्गातून बोलावून आणलं.