धारेपुरती गोळी

सोजराबाईंनी आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, असं त्या स्वतःच सांगतात. गावही मान डोलावतं. सून अंथरुणाला खिळली तेव्हा देवऋषाला न बोलावता तिला घोडनदीला मनाच्या डॉक्टरकडे नेणारी सासू दुसरी कोण होती? नेलं ते खरंच. नीलम उठत नव्हती, जेवत नव्हती, आणि गोठ्यात चार गाई धारेवाचून हंबरत होत्या.

डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं. जिवाचं बरंवाईट करू नये म्हणून गोळ्या सासूच्या ताब्यात दिल्या.

दोन महिन्यांत नीलम धारा काढू लागली. इथवर झकास होतं. पण पुढे ती हसायला लागली आणि एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "आत्या, सणसवाडीला खोली बघायला सांगते ह्यांना. तिथंच ऱ्हातो दोघं." नवरा विश्वजीत तिथं कंपनीत होता, रविवारचा घरी यायचा.

सोजराबाई भांडल्या नाहीत. भांडतील कशाला? दुसऱ्या दिवसापासून त्यांनी सुनेच्या तळहातावर डॉक्टरांच्या गोळीऐवजी तशीच दिसणारी पांढरी, पित्ताची गोळी ठेवली. आधी नीलमला चक्कर आली, झोप उडाली, आणि महिन्याभरात ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून पडली. विश्वजीतला सांगितलं, "अजून बरी न्हाई ती. खोलीचं मागनं बघू."

पण गाई पुन्हा हंबरू लागल्या. एवढी आजारी सून परवडणारी नव्हती. मग त्यांनी खरी गोळी एक दिवसाआड सुरू केली. नीलम उठायची, धारा काढायची आणि परत पडायची. गाईंच्या पेंडीचं माप त्यांना बरोबर कळायचं, तसं सुनेचंही कळलं.

"गोळी रोज घेता ना?" डॉक्टरांनी तपासणीला विचारलं.

"रोज. आत्या हातावर देत्यात. एक दिस चुकला न्हाई."

डॉक्टरांनी गोळी वाढवून दिली आणि सासूबाईंचं कौतुक केलं.

परतताना एसटीत नीलम म्हणाली, "आत्या, बंद करू ह्या गोळ्या. औषधात खोट न्हाई, माझ्यातच हाय."

सोजराबाईंना गोठा आठवला. गोळ्याच थांबल्या तर ही पहाटे उठायची कशी?

"आसं बोलू नगंस," त्या तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या. "म्या हाय तवर तुझी गोळी चुकायची न्हाई."

नीलमनं त्यांच्या खांद्यावर डोकं टेकलं. "माझ्या आईनंबी येवढं केलं नसतं," ती म्हणाली.