आटू दिलेले पाणी

भोये सर मला प्रथम भेटले ते जव्हारहून मोखाड्याला जाणाऱ्या जीपमध्ये. त्यांच्या मांडीवर कॅन होता आणि त्याला कुजका वास येत होता. समोरची बाई म्हणाली, "मास्तर, मासळी नासली तुमची." सर म्हणाले, "नाय गो, जिती हाय." कॅनमध्ये लोणार सरोवराचे पाणी होते. मी त्याच दिवशी महाविद्यालयात मराठी शिकवायला रुजू होणार होतो. सर तिथेच सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत.

सर पोशेऱ्याच्या एका पाड्यावरचे, नाचणी पिकवणाऱ्या घरातले. जिथे मासाही जगत नाही अशा खाऱ्या, क्षारयुक्त पाण्यात किती तऱ्हांचे जीवाणू राहतात, हे पाहण्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. प्रयोगशाळेच्या खिडकीत सरोवराच्या गाळाच्या बरण्या असत. एका बरणीचे पाणी ते दोन वर्षे मुद्दाम आटू देत होते. पाणी आटते तसा खारेपणा वाढतो आणि तो सोसणारेच उरतात. ते पाणी गुलाबी झाले होते. त्यातल्या एका जीवाणूची नोंद सरांना कुठेच सापडत नव्हती.

एका मे महिन्यात सर प्रशिक्षणासाठी पुण्याला गेले. जाताना प्रयोगशाळेची किल्ली त्यांनी माझ्याकडे दिली. बरणीत चार बोटे पाणी उरले होते. जामसरच्या सोनीबाई प्रयोगशाळेत रोजंदारीवर होत्या. पिण्याचा हंडा त्याच भरून आणत. पाहुण्याला अर्धाच तांब्या द्यावा, असे ते दिवस. बरणी कोरडी पडेल म्हणून मी त्यांना ती हंड्यातल्या पाण्याने भरायला सांगितले.

"सर बोललेत, काय घालू नका," त्या म्हणाल्या.

"पाण्यानं कुणी मरतं का?" मी म्हणालो.

दोन दिवसांत गुलाबी रंग गेला. गोड्या पाण्यात त्या जीवाणूंच्या पेशी फुटतात, हे मला नंतर कळले.

चौकशी झाली तेव्हा बोट सोनीबाईंकडे वळले. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिले, पण माझे नाव घेतले नाही. मीही ते सांगितले नाही. सरांनी लिहून दिले, 'सूचना मीच नीट ठेवली नाही, दोष माझा.' सोनीबाईंचे काम टिकले. सर पुन्हा लोणारला गेले, पण सरोवरात पावसाचे पाणी चढले होते. तो जीवाणू त्यांना परत मिळाला नाही.

पुढच्या मे महिन्यात त्यांनी किल्ली पुन्हा माझ्याच हातात ठेवली. बरण्यांवर चिठ्ठ्या होत्या: 'आटले तरी चालेल. पाणी घालू नये.' सोनीबाईंना वाचता येत नाही. मी किल्ली खिशात टाकली आणि पेपर तपासायला गेलो.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांच्या शोधांवर या गौरवग्रंथात इतर जण लिहितीलच. हा लेख मी आधी जामसरला जाऊन सोनीबाईंना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, "आता बोलून काय? सरांला तवाच म्हायत होता."

सरांना निरोगी, दीर्घ आयुष्य लाभो. बरणीत पाणी मीच घालायला लावले, हे त्यांच्यासमोर उभे राहून तोंडाने सांगायला मला अजून थोडा वेळ लागेल.