हिरव्या बोटांच्या बाई

बाईंच्या उजव्या हाताची बोटं कायम हिरवी असत. ॲनिलीन या रसायनापासून त्या प्रयोगशाळेत तयार करत ते पॉलिमर एकदा कातडीला लागलं की साबणाला दाद देत नसे. सांगलीच्या आमच्या कॉलेजात त्या रसायनशास्त्र शिकवत आणि मुलं त्यांना ‘हिरव्याबाई’ म्हणत. त्यांना ते माहीत होतं. “शाईचे डाग पडलेल्या मास्तरांपेक्षा बरं,” त्या म्हणत.

नव्वदच्या दशकातल्या त्या दिवसांत धातूऐवजी प्लास्टिकच्या जातीचा पदार्थ वीज साठवू शकतो, हे ऐकून लोक हसत. बाई हसत नसत. पोलादाच्या पट्टीवर त्या पॉलिमरचा पातळ थर चढवायचा आणि तो स्पंजासारखा सच्छिद्र व्हावा म्हणून धडपडायचं, हे त्यांचं काम. गुळगुळीत, चकचकीत थर आला की त्या नाराज. “सुंदर आहे गं, पण आत शिरायला जागाच नाही. वीज काय बाहेर उभी राहणार?”

मी जतहून आलेली, त्यांची पीएच.डी.ची विद्यार्थिनी. आमच्या थरात अपेक्षेपेक्षा दुप्पट वीज साठू लागली तेव्हा मी पेढे वाटले. शोधनिबंध एका परिषदेकडे गेला, स्वीकारलाही गेला. आणि एका दुपारी बाई म्हणाल्या, “नुसती पट्टी मोजलीस का? थराशिवाय?”

मोजली नव्हती. मोजली, तर जवळजवळ अर्धा प्रवाह कोऱ्या पट्टीतूनच येत होता. मोजताना पट्टी ज्या ॲसिडमध्ये बुडवायचो त्यात पोलाद झिजत होतं आणि त्यातून येणारा प्रवाह आम्ही पॉलिमरच्या नावावर लावत होतो.

“कुणाला कळणार आहे, बाई?” मी रडत म्हटलं.

“आपल्या दोघींना कळलंय की.” त्यांनी तिथंच निबंध मागे घेत असल्याचं पत्र लिहिलं. ‘चूक मार्गदर्शकाची आहे, विद्यार्थिनीची नाही,’ हे वाक्य मी आजही विसरलेले नाही.

माझं ठरलेलं लग्न पदवीवर अडलं होतं. त्या रविवारी बाई एस.टी.नं एकट्या जतला आल्या. माझ्या वडिलांना, अण्णांना म्हणाल्या, “अजून एक वर्ष लागेल. दोष माझा आहे.”

अण्णा म्हणाले, “पावन्यास्नी काय सांगू आमी?”

“खरं तेच सांगा.”

“खरं?” अण्णांनी मान हलवली. “सांगतो. थांबत्याल, न्हाईतर जात्याल. आवं बाई, तुमी मातर भाकरी खाल्ल्याबिगर जायचं न्हाई.”

मुलाकडचे पाहुणे थांबले. पुढच्या वर्षी ॲसिडमध्ये न झिजणाऱ्या ग्राफाइटच्या पट्टीवर आम्ही नवा थर चढवला. तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं, “आकडा इतका कमी कसा?” मी म्हटलं, “कमी आहे, पण सगळा पॉलिमरचा आहे.” मागच्या बाकावर बाई चष्मा पुसत होत्या.

निवृत्त होऊन त्या साताऱ्याला भावाकडे निघाल्या, तेव्हा त्यांच्या जागेवर माझी नेमणूक झाली होती. स्टँडवर मी विचारलं, “मुलांनी विचारलेलं मला आलं नाही तर?”

“माहीत नाही म्हणायचं. पहिल्यांदा जड जातं.”

सोमवारी, पहिल्याच तासाला, दुसऱ्या बाकावरच्या मुलीनं असा प्रश्न विचारला, की त्याचं उत्तर मला खरंच येत नव्हतं. वर्ग माझ्याकडे पाहत होता.

“मला माहीत नाही,” मी म्हटलं. “उद्या अकरा वाजता प्रयोगशाळेत ये. दोघी मिळून बघू.”