श्रावस्तीच्या दोन वेण्या

या सदरातले अनुभव मी नेहमी वाचते आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसते. पांढरी साडी, उलटे पाय, अमावस्या, आणि शेवटी कुणीतरी म्हणणार की 'अहो, त्या बाई तर कधीच्याच गेल्या!' भुतांनाही नवीन काही सुचू नये? आमच्या घरी हा प्रकार कधी नव्हताच. आम्ही बौद्ध. आजोबांनी छप्पन साली घरातले देव उचलले, तेव्हा देवांच्या मागोमाग भुतंही निघून गेली, असं माझे वडील म्हणायचे. मी त्याच वळणाची. त्यामुळे आज हे लिहिताना मला स्वतःचाच राग येतो आहे... पण लिहिते.

२००९ चा जुलै. मी बँकेत आहे. प्रमोशन मिळालं आणि त्याच्या शेपटाला गोंदिया मिळालं. नवऱ्याची नोकरी पुण्यात, तो तिथेच राहणार. सोबत मुलगी, श्रावस्ती, नववीतली. बदलीची ऑर्डर आल्यापासून तिने माझ्याशी बोलणं 'हो', 'नाही' आणि 'काहीही' या तीन शब्दांवर आणलं होतं. मैत्रिणी सुटल्या, शाळा सुटली, नाटकाचा ग्रुप सुटला. हसणं तर उन्हाळ्यातच बंद झालं होतं.

आधी घर शोधलं. दलाल प्रत्येक घराला 'एकदम पॉश' म्हणायचा. एका पॉश घराची खिडकी सरळ राईस मिलकडे उघडत होती आणि खिडकीच्या कट्ट्यावर बोटाने नाव लिहावं इतका कोंडा साचला होता. "खिड़की बंद रखने का मॅडम, बस!" हा त्याचा सल्ला. पण कोंडा परवडला. घरमालक परवडेनात.

"बँक में हैं? बहुत बढ़िया. पूरा नाम क्या बताया आपने?"

पूर्ण नाव सांगितलं की चेहरा क्षणभर थांबायचा. मग, "वो क्या है ना मॅडम, लड़के का ट्रांसफर हो रहा है वापस, घर हमको ही लगेगा." एका दुपारी तीन घरमालकांच्या तीन चिरंजीवांच्या बदल्या झाल्या. सरकार इतकं तत्पर असतं हे मला माहीत नव्हतं. पुण्यात हे होत नाही असं मुळीच नाही... तिथे चहा पाजून करतात, एवढंच. पण तिथे घर शोधलं तेव्हा श्रावस्ती लहान होती. आता ती माझ्या शेजारी उभी राहून प्रत्येक शब्द ऐकत होती.

ऑटोत बसल्यावर ती म्हणाली, "यासाठी आणलंस मला इथे?"

मी ऑटोवाल्याला पुढचा पत्ता सांगितला. पुढे एका रेल्वे गार्डच्या विधवेने वरचा मजला दिला. त्या बाईंनी फक्त एवढंच विचारलं, "पाणी सांडत तर नाही ना तुम्ही?" घर लागलं. मग शाळा.

शाळांबद्दल तर बोलूच नये. एका 'इंटरनॅशनल' शाळेच्या भिंतीवर डॉल्फिन रंगवले होते. गोंदियाला, जिथून समुद्र कुठल्याच बाजूला नाही! दुसरीकडे हेडमास्तरांनी श्रावस्तीकडे न पाहता तिच्या टक्क्यांकडे पाहिलं आणि 'डॉक्टर बनाएँगे' असं जाहीर केलं. तिसरी शाळा घरापासून चालत जाण्यासारखी होती. दुमजली, नवी इमारत. प्रिन्सिपल बाई 'सीबीएसई पॅटर्न' हा शब्द इतक्या वेळा बोलल्या की पॅटर्न म्हणजे काय हे मी विचारलंच. त्यांनी बेल वाजवून चहा मागवला.

मग त्या श्रावस्तीला म्हणाल्या, "बेटा, ऊपर जाओ, लास्ट रूम, नाइन्थ. बैठ के देखो कैसा लगता है."

श्रावस्ती गेली. पोनीटेल बांधलेली, खांदे पाडून, पाय घासत. भर सकाळ होती, स्वच्छ ऊन होतं. हे मुद्दाम सांगते आहे, कारण तुम्हा मंडळींना अंधार लागतो.

चहा यायला वेळ लागला. घेऊन आल्या त्या शाळेतल्या शिपाई शेवंताबाई. कप ठेवता ठेवता म्हणाल्या, "मॅडम, ते नवीन पोरगी कोठी गेली?"

"नाइन्थ में बैठी है."

"नववी तं नाही ना आज! सकाळीच गेली सारी कामठ्याले, झाडं लावाले. खोलीले मीच कडी लावली."

"अरे हाँ!" प्रिन्सिपल बाई म्हणाल्या. आपल्या शाळेतला एक अख्खा वर्ग कुठे आहे हे ज्या बाईला माहीत नाही, तिच्याशी मी अर्धा तास शिक्षणावर चर्चा करत होते.

मला वाटलं, पोरगी बंद दार बघून गच्चीवर नाहीतर गेटबाहेर गेली असेल. रागात होतीच. मी धावत वर गेले, शेवंताबाई मागे. शेवटच्या खोलीच्या दाराला बाहेरून कडी होती. घट्ट.

आणि आतून हसू ऐकू आलं.

एकाच मुलीचं. माझ्या मुलीचं. मग थोडी शांतता... समोरचा बोलत असतो आणि आपण ऐकत असतो, तेवढी. आणि पुन्हा हसू.

मी कडी काढली. श्रावस्ती खिडकीजवळच्या बाकावर अगदी कडेला बसली होती, शेजारच्या रिकाम्या जागेकडे तोंड करून, तोंडावर हात दाबून हसत. माझ्याकडे वळली ती वैतागूनच.

"आई! बाहेर थांब ना, तास चालू आहे!"

आणि मग तिने फळ्याकडे पाहिलं. शेजारी पाहिलं. मागे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरत गेलं.

"आता होत्या," ती म्हणाली.

मी काही बोलणार तोच मागून शेवंताबाईंनी विचारलं, "वेण्या कोणं घातल्या वं पोरी?"

तेव्हा माझं लक्ष गेलं. पोनीटेल नव्हती. दोन वेण्या होत्या, कानामागून घट्ट घातलेल्या, वर दुमडून लाल रिबिनीने बांधलेल्या. आम्ही शाळेत घालायचो तशा. केसांना खोबरेलाचा वास येत होता. माझ्या पोरीने सहावीपासून डोक्याला तेल लावू दिलं नव्हतं. वेणी तिला घालता येत नव्हती, रिबिनी आमच्या घरात नव्हत्या, आणि त्या शाळेत पोनीटेल आणि निळा बँड हाच नियम होता.

खाली प्रिन्सिपल बाई म्हणाल्या, "बच्चों का इमॅजिनेशन बहुत स्ट्राँग होता है." मी त्यांना वेण्या दाखवल्या. "सुंदर लग रही है," म्हणाल्या.

श्रावस्तीने सगळं घरी आल्यावर सांगितलं. दार उघडंच होतं. बाई भूगोल शिकवत होत्या, त्यांनी मानेनेच बस म्हणून खुणावलं. एका मुलीने सरकून जागा दिली. मागच्या मुलीने कुजबुजत विचारलं, "असे केस काऊन ठेवले? बाई रागावतील," आणि तास चालू असताना बाकाखालून तेलाची बाटली काढून वेण्या घालायला लागली. शेजारची बाईंची नक्कल करत होती, म्हणून हसू आवरत नव्हतं.

मी विचारलं, "नावं काय होती त्यांची?"

ती आठवायला लागली, मग थांबली. "आई, नाव कुणी विचारलंच नाही. माझंही नाही."

एवढं बोलून तिने रिबिनी सोडायला नकार दिला आणि तशीच झोपली.

आता ऐका, लोकांनी काय काय केलं ते. बँकेतल्या कॅशियरने सांगितलं की शाळेखाली विहीर होती. शेजारच्या काकूंना खात्री होती की तिथे पूर्वी स्मशान होतं. शेवंताबाईंनी चार दिवसांत शाळेची बस नाल्यात पडून मेलेल्या मुली तयार केल्या, आठवड्याभरात त्यांची संख्या वाढली. मी चौकशी केली. जागेचा मूळ मालक आमच्याच बँकेचा खातेदार निघाला. तो म्हणाला, "मॅडम, धानाची बांधी होती ते. माह्या बापानं रोवणा केला तेथी, मीबी केला. विहीर कायची न् मसान कायचं!" शाळेची कुठलीच बस कधी कुठल्या नाल्यात पडली नव्हती. कोणती मुलगी मेली नव्हती. त्या जागेने भात पिकवण्यापलीकडे काहीही केलेलं नव्हतं.

भूतवाले असे, आणि शहाणे याहून भारी. माझा एक मावसभाऊ नागपुरात डॉक्टर आहे. तो फोनवर म्हणाला, "ताई, अॅडजस्टमेंट प्रॉब्लेम आहे. लक्ष वेधून घेण्यासाठी तिनेच वेण्या घातल्या." मी म्हटलं, तुझ्या बायकोची एक वेणी घालून दाखव, मग बोलू. आणि बाहेरून कडी कुणी लावली? "शेवंताबाईने न बघता लावली असेल." असेल. तेल? रिबिनी? "असेल काहीतरी." हे विज्ञान!

रिबिनी मी स्वतः उजेडात धरून पाहिल्या. धुतल्या, इस्त्री केली. साध्या लाल रिबिनी, कुठल्याही दुकानात मिळतात तशा.

प्रश्न शाळेचा होता. श्रावस्ती म्हणाली, "मला हीच शाळा पाहिजे." कित्येक आठवड्यांत तिने पहिल्यांदाच काहीतरी मागितलं होतं. नवरा फोनवर ओरडला, "वेडी झालीस का? त्या डॉल्फिनवाल्या शाळेत टाक!" घरमालकीणबाईंनीही हात जोडले. मी सगळ्यांना ठणकावून सांगितलं की मी असल्या गोष्टी मानत नाही, तेव्हा घाबरायचं कारणच नाही. हे लोकांसाठी होतं. खरं कारण एवढंच, की मी दार उघडलं तेव्हा माझी मुलगी हसत होती.

तिचं नाव तिथेच घातलं. पहिल्या दिवशी ती स्वतः तेल लावून माझ्याकडून वेण्या घालून घेऊन गेली. परत आली ती पोनीटेल बांधून. "त्या नव्हत्या," म्हणाली. वर्ग भरलेला होता, मुली होत्या, आणि पहिल्याच सुट्टीत तिला तिचं पूर्ण नाव विचारून झालं होतं. ते ऐकल्यावर दोघीजणी बाक बदलून बसल्या. त्या मात्र अगदी जिवंत होत्या हो, हाडामांसाच्या, चांगल्या घरच्या.

पुढे तसलं काहीच घडलं नाही. दिवाळीनंतर वर्गशिक्षिकेने तक्रार केली की श्रावस्ती खिडकीजवळच्या बाकाच्या कडेलाच बसते, आत सरकत नाही, मध्ये कुणाला बसू देत नाही. घरी विचारलं, तर पोळी खाता खाता शांतपणे म्हणाली, "मग त्या आल्या तर बसतील कुठे?" मी तिला आणखी एक पोळी वाढली. हळूहळू एक-दोन मैत्रिणी झाल्या, अभ्यास झाला, दहावी आली. आज ती हैदराबादला नोकरी करते, बरं चाललं आहे. या गोष्टीवर आम्ही बोलत नाही.

मला याचा उलगडा अजून झालेला नाही. तुम्ही मला पाठवणार असलेले सगळे उलगडे माझे ऐकून झाले आहेत, तेव्हा कृपा करा. फक्त एक गोष्ट सांगते. दहावीच्या निरोप समारंभाला मी तिला आणायला गेले होते. मुली फोटो काढून, रडून, घरी गेल्या, तरी श्रावस्ती वरून उतरेना. बऱ्याच वेळाने आली. डोळे सुजले होते.

आणि मी... मी, असल्या गोष्टींना हसणारी बाई... तिला विचारलं, "भेटल्या का गं?"

तिने मान हलवली. "नाही ना," ती म्हणाली. "म्हणून तर."