उत्तर सांगायचं नाही

शाळेत जाणाऱ्या मुलांच्या घरी वह्या साठतात, आमच्याकडे किस्से साठले. वह्या निदान रद्दीत देता येतात. किस्से मात्र पाहुणा आला, चहा ठेवला, की आपोआप बाहेर येतात. मग नितीन, म्हणजे माझा नवरा, 'झालं सुरू' असा चेहरा करून बाल्कनीत जातो.

आधी मंडळी कोण ते सांगते. आम्ही तिघी. मी, आमच्याच नेरुळच्या बिल्डिंगमधली मंजिरी आणि सारसोळ्याची दर्शना. माझी इरा, मंजिरीचा अर्णव आणि दर्शनाचा वेद, तिघंही नऊ-दहा वर्षांची. तिघांना आम्ही शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. गणित आणि विज्ञान आधी हाताने करायचं, पुस्तक नंतर. नियम एकच, मंजिरीने कुठल्याशा वर्कशॉपमधून आणलेला: मुलांना उत्तर सांगायचं नाही. मुलाने काहीही विचारलं की आपण शांतपणे म्हणायचं, "तुला काय वाटतं?"

हे सगळं कशासाठी, तेही सांगते. शाळेची रिक्षा यायच्या वेळी इराच्या पोटात रोज दुखायचं. डॉक्टर झाले, सोनोग्राफी झाली, पोटात काहीच नव्हतं. मग कळलं की वर्गात तिने 'असं का?' विचारलं म्हणून तिला बाकावर उभं केलं होतं. त्यानंतर ती घरीसुद्धा 'का' विचारेनाशी झाली. जी मुलगी मला दिवसभर भंडावून सोडायची, ती गप्प! पोटदुखीपेक्षा मला त्या गप्प बसण्याची जास्त भीती वाटली.

पण आमचे सासरे, आण्णा, कऱ्हाडला उभा जन्म गणित शिकवून हेडमास्तर म्हणून रिटायर झालेले. त्यांना हे खूळ पसंत नव्हतं. त्यांनी फोनवर निकाल दिला, "एक वर्ष देतो. एप्रिलमध्ये मी येऊन परीक्षा घेणार. नापास झाली की शाळा." एवढ्यावर न थांबता त्यांनी वाशीच्या एका शाळेत ओळखीने शब्दही टाकून ठेवला. नितीन न्हावा शेव्याच्या बंदरात दिवसभर कस्टमवाल्यांशी हुज्जत घालतो, पण आण्णांचा फोन आला की अजून उभा राहून बोलतो. त्याच्याकडून मदतीची आशा नव्हती.

* * *

नियमाचा पहिला बळी मंजिरीचा ओटा.

आम्ही तिघी तिच्या हॉलमध्ये पुढच्या आठवड्याचं प्लॅनिंग करत बसलो होतो. अर्णव आतून आला आणि म्हणाला, "आई, दूध उतू जातं तेव्हा दूध वाढतं की नुसता फेस वाढतो?"

मंजिरीला आनंदाने भरून आलं. आमच्याकडे 'बघा' अशी नजर टाकून तिने विचारलं, "तुला काय वाटतं?"

अर्णव आत गेला. जरा वेळाने परत आला. फेस वाटतोय म्हणाला. कशावरून, असं मंजिरीने विचारलं. निरीक्षण कर, घाई करू नकोस, असंही वर सांगितलं. तो पुन्हा आत गेला. या वेळी बराच वेळ आला नाही. मंजिरी आम्हाला सांगत होती की मुलांची एकाग्रता वाढते ती अशी.

मग तो दारात उभा राहिला आणि समाधानाने म्हणाला, "आता सगळं ओट्यावर आलंय. मोजायला सोपं पडेल."

* * *

लिफ्ट सुरू होताना पोटात गोळा का येतो, हा इराचा प्रश्न. किती महिन्यांनी ती 'का' म्हणाली होती! मी तर तिला वाट्टेल ते आणून दिलं असतं. तिला फक्त माळ्यावरचा जुना, काट्याचा वजनकाटा हवा होता.

मुलांनी काटा लिफ्टमध्ये ठेवला आणि दुपारभर वर-खाली केलं. लिफ्ट वर निघाली की काटा क्षणभर पुढे पळतो, खाली निघाली की क्षणभर मागे येतो. मुलं खूश. तेवढ्यात नवव्या मजल्यावरच्या शिंदे काकू आत आल्या. काकू तेव्हा डाएटवर होत्या आणि डाएट सोडून सगळ्यांवर चिडलेल्या होत्या. इराने त्यांना विनंती केली की प्रयोगासाठी जरा काट्यावर उभ्या राहा. लिफ्ट खाली निघाली. काट्याने काकूंचं वजन चांगलंच कमी दाखवलं.

काकूंनी मुलांना पुन्हा नवव्या मजल्यावर न्यायला लावलं. पुन्हा खाली. या वेळी मोबाईल तयार ठेवून त्यांनी बरोब्बर त्या क्षणी फोटो काढला आणि डाएटिशियनला पाठवला. तिचं उत्तर आलं, 'एक्सलंट! असंच चालू ठेवा.'

काकूंनी चालू ठेवलं. आठवडाभर त्या रोज सकाळी आमच्याकडून वजनकाटा मागून नेत होत्या. इराने त्यांना समजावून सांगायचा प्रयत्न केला की हे खरं वजन नाही. काकू म्हणाल्या, "बाळा, खरं वजन कुणी विचारलंय?"

रविवारी आण्णांचा फोन आला तेव्हा नितीनने हा किस्सा त्यांना सांगितला. त्यांचा एकच प्रश्न, पाढे कितीपर्यंत झाले? नितीनने माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे पाहिलं.

* * *

गणपतीत सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांचं प्रदर्शन असतं. बाकीच्या मुलांनी ज्वालामुखी केले होते. आमच्या तिघांनी बुरशी केली.

प्रयोग साधा. ब्रेडचे स्लाइस घ्यायचे, एकेक स्लाइस एकेका वस्तूला पुसायचा, पिशवीत बंद करून ठेवायचा आणि कुठे किती बुरशी येते ते बघायचं. लिफ्टचं बटण झालं, जिन्याचा कठडा झाला, क्लब हाऊसच्या संडासाचं झाकण झालं. सेक्रेटरी पाटणकर काका तिथून चालले होते. मुलांविषयी त्यांना फार कौतुक. माझाही हात घ्या, असं म्हणून त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले.

प्रदर्शनाच्या दिवशी पिशव्या ओळीने टांगल्या, प्रत्येकीखाली वेदच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी. संडासाच्या झाकणाचा स्लाइस पांढराशुभ्र होता. त्याच्या शेजारच्या स्लाइसवर हिरवी, काळी आणि एक केशरी अशी तीन प्रकारची बुरशी होती आणि खाली लिहिलं होतं, 'पाटणकर काका'.

अख्खी सोसायटी आरतीला येताना ते बघून येत होती. प्रसाद वाटायला काका उभे होते, तिथे रांगच लागेना. मी शरमेने अर्धी झाले, पिशवी काढायला निघाले, तर काकांनीच अडवलं. ते बराच वेळ त्या स्लाइसकडे बघत राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "एकट्या सेक्रेटरीचा कशाला? खजिनदारांचाही हात घ्या. आपल्याकडे सगळं कमिटी मिळून करते."

* * *

भरती-ओहोटी शिकायला मुलांना सारसोळ्याच्या जेट्टीवर नेलं. दर्शनाचं घर तिथून जवळ. मुलांनी एका लांब बांबूवर लाल-पांढरे पट्टे रंगवले, आकडे घातले आणि दर्शनाच्या नवऱ्याने होडीतून जाऊन तो चिखलात रोवून दिला. रोज जाऊन पाणी कुठल्या आकड्यापर्यंत आलं ते बघायचं. पाण्याजवळ जायचं म्हणून नितीनने काळजीपोटी आपलं बंदरावरचं पिवळं हेल्मेट आणि चकाकणारं जाकीट दिलं होतं. ते वेदने चढवलं.

पट्ट्यांचा बांबू, पिवळं हेल्मेट आणि रोज येऊन आकडे बघणं. आठवडाभरात जेट्टीवर बॅनर लागला: 'जेट्टी नूतनीकरणाचा सर्व्हे सुरू! भाऊंच्या पाठपुराव्याला यश!' मध्ये तिथले पुढारी भाऊ हात जोडून उभे, मागे आमचा बांबू.

दर्शनाची सासू, जिला सगळे माय म्हणतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती, "पोरांची काठी हाय ती. मी सांगून थकले, पन आयकतंय कोन?"

प्रयोग संपला, आम्ही बांबू उपटून आणला. दुसऱ्या दिवशी भाऊंच्या विरोधकांचा बॅनर लागला: 'मंजूर झालेले काम बंद पडल्याबद्दल जाहीर निषेध!' संध्याकाळी दोन्हीकडची माणसं जेट्टीवर जमायला लागली, तेव्हा दर्शनाच्या नवऱ्याने होडी काढली आणि बांबू होता तिथे परत रोवला.

तो अजून तिथेच आहे. मध्यंतरी त्याला कुणीतरी नवीन रंग दिला.

* * *

एप्रिल आला आणि आण्णाही आले. पिशवीत कऱ्हाडचे शेंगदाणे आणि स्वतः काढलेला पेपर. वाशीच्या शाळेत परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी दहा वाजता भेट ठरवूनच आले होते. म्हणजे निकाल त्यांच्या मनात लागलेला होता.

रात्रभर मला झोप नव्हती. सकाळी मंजिरी आणि दर्शना धीर द्यायला म्हणून आल्या आणि माझ्यापेक्षा जास्त घाबरून सोफ्यावर बसल्या. इराला आण्णांनी समोर बसवलं. पाढे झाले. अठरापर्यंत ठीक, एकोणीसमध्ये ती दोनदा अडखळली. आण्णांनी चष्म्यातून माझ्याकडे पाहिलं. इराचा हात पोटावर गेला.

मग आण्णांनी त्यांचा ठेवणीतला प्रश्न काढला. एक टाकी नळाने तीन तासांत भरते. भरलेली टाकी खालच्या भोकातून सहा तासांत रिकामी होते. नळ आणि भोक दोन्ही चालू ठेवले तर टाकी किती तासांत भरेल?

इरा हळूच म्हणाली, "आजोबा, तुम्ही हे करून बघितलंय?"

"करून कशाला बघायचं? गणित आहे ते. उत्तर सहा तास. पस्तीस वर्षं शिकवलंय."

"पण करून बघितलंय?"



आमच्याकडे या वर्षभरात भोक पाडलेली एक बादली तयार होतीच. इराने ती बाथरूममध्ये स्टुलावर ठेवली, खाली टब ठेवला, म्हणजे पाणी फरशी पुसायला होईल. तासांची मिनिटं केली. भोकात बूच घालून नळ असा लावला की बादली बरोब्बर तीन मिनिटांत भरेल. मग नळ बंद करून बूच काढलं. रिकामी व्हायला किती वेळ लागतो ते बघून भोक कानकोरण्याने मोठं करत करत सहा मिनिटांवर आणलं. घड्याळ आण्णांच्या हातात. ते दारात उभे होते, कारण आत येणं म्हणजे या खुळाला मान्यता देणं होतं.

शेवटी रिकामी बादली, नळ चालू, भोक उघडं.

सहा मिनिटं झाली. बादली भरली नाही. पाणी काठाच्या चांगलं चार-पाच बोटं खाली होतं. आण्णा म्हणाले, नळ नीट लावलेला नाही. त्यांनी बाह्या सरसावल्या, आत आले, सगळं स्वतः पुन्हा लावून घेतलं आणि पुन्हा वेळ लावली. पुन्हा तेच. तसंच चालू ठेवलं. पाणी चढत होतं, पण जितकं वर जाईल तितकं हळू. काठाच्या जवळ आल्यावर तर ते चढतंय की नाही, हेच कळेना.

नितीनने आण्णांना पाटावर बसवलं. मी जेवायला वाढलं, ते थंड झालं.

इरा गुडघ्यांवर बसून भोकाकडे बघत होती. तिचा हात पोटावर नव्हता. ती म्हणाली, "आजोबा, बादली भरत आली की धार लांब पडते. आधी जवळ पडत होती. असं का?"

आण्णांनी बादलीवरची नजर काढली नाही. आमच्या नियमाबद्दल त्यांना कुणीच काही सांगितलं नव्हतं, याची मी नंतर खात्री करून घेतली.

"तुला काय वाटतं?" ते म्हणाले.

सोफ्यावर मंजिरीने दर्शनाचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली ती नळाच्या आवाजाने. बाथरूमचं दार उघडं, पाटावर आण्णा, जमिनीवर इरा, दोघांचे पायजमे गुडघ्यांपर्यंत ओले. दहा वाजता त्यांचा फोन वाजला. वाशीच्या शाळेतून होता. नितीन सवयीने उभा राहिला. मी स्वयंपाकघराच्या दारात थांबले.

आण्णांनी ओल्या हाताने फोन कानाला लावला.

"नाही हो, आज नाही जमणार," ते म्हणाले. "आमची बादली अजून भरलेली नाही."