नानूकडे दिलेला निरोप

आमच्याकडे किस्से घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे साठलेत. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात.

आम्ही तिघं महाड-पोलादपूर भागात बाहुल्यांचा खेळ करतो. मुलांचा नव्हे. पाटीवरच लिहिलंय, ‘लहान मुलांना आणू नये, मोठ्यांनी लाजू नये.’ आमचा हिरो म्हणजे नानू सरपंच. ढेरपोट्या, शिवराळ, खुर्चीपायी मूळव्याध झालेला आणि तरी खुर्ची न सोडणारा. त्याच्यात हात विलासचा, आवाजही विलासचा. शिवलाय मंगलताईने, बाजारपेठेतल्या तिच्या टेलरिंगच्या दुकानात, ब्लाउजच्या उरलेल्या अस्तरातून.

माझं कोर्टाजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. खेळात माझं काम एकच. नानू भाषणात ‘विकास’ म्हणाला की पडद्यामागून रबरी नळीत फुंकायचं आणि त्याच्या नावानं पादायचं. बायको पाहुण्यांना सांगते, “हे संगीत बघतात.”

पडद्याखाली विलास बसलाय हे सगळ्यांना ठाऊक असतं. तरी लोक बोलतात ते नानूशीच. हे असं का होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

* * *

खेळ संपताना नानू विचारतो, “कोणाची काय तक्रार? आत्ताच बोला, नंतर मी ऑफिसात गावत नाय.”

सव गावातल्या खेळात एक आजी उठून पुढे आल्या. त्यांना नानूच्या मूळव्याधीची काळजी लागलेली. “आमच्या गरम पान्याच्या कुंडात तीन दिवस बस. आराम पडंल.”

मंगलताई पडद्यामागून बाहेर आली. “आजी, कापडाचा आहे हो तो. रंग जाईल.”

“मंग पिळून वाळत घाल गो,” आजी म्हणाल्या. “पन आधी बसव.”

* * *

एका गावचे खरे सरपंच भडकले. नानूची ढेरी आपल्यावरूनच घेतलीय, असं त्यांचं म्हणणं. विलासनं घरी जाऊन हात जोडून माफी मागितली.

“तू कशाला मागतोस?” ते म्हणाले. “बोलला तो. त्याला आण.”

विलासनं पिशवीतून नानूला काढून हातात चढवलं. नानूनं कान धरले. सरपंचांचा राग गेला. मग त्यांनी नानूसोबत सेल्फी काढला आणि विलासला फ्रेमच्या बाहेर सरकायला लावलं.

* * *

विलास कुडपण गावचा. मुंबईतली नोकरी सोडून तो या खेळात आला तेव्हापासून त्याच्या बाबांनी बोलणं टाकलं. “आमच्या घरान्यात भजनी झाले, पादरे नाय झाले,” हे शेवटचं वाक्य. विलास महाडला खोली घेऊन राहू लागला. चेष्टेवारी न्यायचा सगळं. पण प्रत्येक खेळाआधी पडद्याच्या फटीतून बाबा आलेत का बघायचा. मला फार वाईट वाटायचं.

यंदा मुंबईकर मंडळी गावी आली आणि कुडपणचंच बोलावणं आलं. विलास म्हणाला, “नको जाऊया.”

मंगलताई म्हणाली, “तू नको येऊस. नानूला जायचंय.”

गेलो. बाबा पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. सगळं गाव पोट धरून हसत होतं, बाबा नाही.

शेवटी नानूनं नेहमीचं विचारलं, “कोणाची काय तक्रार?”

बाबा उठले.

“माजी हाय,” ते नानूकडे बघत म्हणाले. “तुज्या खाली एक जन बसलाय. त्याला सांग, आयशीनं भाकऱ्या टाकल्यात. गावात येऊन जेवल्याबिगर जायाचा नाय.”

पडद्याखाली विलासचा दुसरा हात डोळ्यांवर होता. नानूनं नुसतीच मान हलवली.

बाबा जायला वळले, पुन्हा थांबले.

“तू पन ये रे,” ते नानूला म्हणाले. “पन जेवताना पादायचं नाय.”

माझ्या तोंडात नळी तशीच होती.