आईसाठी खणलेली जागा

१६ मार्च १९५३, चिटगुप्पा

आई काल रात्री गेली. आज दिवे लागायच्या वेळी तिला माती दिली.

मंडळी, एवढा उशीर कामून झाला, असं रात्री घरी भेटायला आलेल्या तुमच्यापैकी काहींनी विचारलं, म्हणून लिहिते.

इथली जमीन जांभ्या दगडाची. माणसं पहाटेपासून खणत होती, तेव्हा कुठं दुपारी खड्डा तयार झाला. आम्ही आईला घेऊन कब्रस्तानात पोचलो, तर फाटकाशी एक बैलगाडी उभी होती. लांबच्या खेड्यातला एक तरुण बायकोचा देह घेऊन आला होता. ती बाळंतपणात गेली होती. तान्हं लेकरू शेजारणीकडं ठेवलेलं, आणि त्या तरुणाला अंधाराआधी परत पोचायचं होतं. त्याच्याजवळ साधी पहारही नव्हती.

माझे वडील, अप्पा, त्याला म्हणाले, "आमचा खड्डा घे."

अप्पांचे धाकटे भाऊ, काका, चिडले. "अण्णा, घरातलं सगळं वाटलास. आता खड्डाबी वाटायलास व्हय?"

"हिला आता घाई न्हाई," अप्पा म्हणाले. "त्या लेकराला हाय."

आमच्याबरोबर आलेल्या चर्चच्या पाळकसाहेबांनी आधी त्या बाईसाठी प्रार्थना केली. मग आईच्या दुसऱ्या खड्ड्यासाठी अप्पांनी स्वतः पहार उचलली. काका थोडा वेळ बाजूला उभे राहिले, मग तेही खणायला उतरले. मी आईच्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून पदर धरून बसले.

खरं सांगते, मला ते जड गेलं. तुमचं माणूस असं उन्हात असतं, तर तुम्हाला जमलं असतं का?

घरी आल्यावर अप्पा न जेवताच झोपले. मी त्यांचं मातीनं भरलेलं धोतर धुतलं आणि दोरीवर वाळत टाकलं.